तीन लुगड्यांचा रस्ता

७ जानेवारी, बुधवार
त्या सिग्नलमधल्या हिरव्या माणसाले गुडघे नाहीत, म्हणून तो पळते. मले आहेत! आज सिंधूताईकडे पत्ते खेळाले निघाली. अर्ध्याच्या थोडी पुढं गेली अन् हिरवा जाऊन लाल आला. मागं सरून मधल्या मेट्रोच्या खांबाले धरून उभी राहिली. दोन्हीकडून गाड्या. एक ऑटोवाला उतरला, हात धरला अन् निघाली होती तिथंच आणून सोडलं! पुढं न्यायचं सोडून मागं. वरून म्हणते, "आजी, घरी कोणी नाही का?" म्हटलं, "आहे. तुझ्या घरी आहे का कोणी अक्कल शिकवाले?"

माझ्या पोरानं, प्रेमानंदानं, गॅलरीतून सारं पाहिलं. आता त्याचा हुकूम — आई, एकटीनं रस्ता ओलांडायचा नाही. पत्तेवाल्या मैत्रिणींनाच इकडं बोलाव. तिकडं चौघीजणी, इकडं मी एक. एकीसाठी चौघी काहून येतील?

नात रोशनी अकरावीले आहे, सायन्सले. ती म्हणते, "आजी, तू निघाली तिथंच परत आली. म्हणजे तुझं विस्थापन शून्य." शून्य? मंग पाय कोणाचे दुखून राहिले?

८ जानेवारी
गेली नाही. सिंधूताईचा फोन — "तुझे पत्ते मीच खेळली. तू हरली वं!"

१० जानेवारी, शनिवार
रोशनीनं गॅलरीतून मोबाइलवर सिग्नल मोजला. हिरवा वीस सेकंद राहते. आता म्हणते तुझा वेग काढू. वेग म्हणजे किती वेळात किती अंतर. त्यात काढायचं काय, म्हटलं, गुडघ्याले विचार.

पण पोट्टी खरं बोलते. प्रेमानंद म्हणन आई हळू चालते. मी म्हणीन सिग्नल घाई करते. मोजल्याबिगर कोणाचं खरं?

११ जानेवारी, रविवार
मोजला रस्ता! सकाळी रिकामा असते. एकटी नव्हती, रोशनी सोबत होती, म्हणून हुकूमही मोडला नाही.

शिवणाचा टेप आखूड. मी पेटीतून नऊवारी लुगडं काढलं. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. हिरवा लागला की ताणायचं, खडूनं रेघ मारायची, लाल व्हायच्या आत बाजूले. दूधवाला ओरडला, "आजी, लुगडं वाळवाले घरी जागा नाही का?" म्हटलं, "ये, धर एक टोक!" पळाला.

रस्ता बरोबर तीन लुगडे भरला. मंग गल्लीत तेच लुगडं अंथरलं अन् त्याच्या बाजूनं मी चालली. पहिल्यांदा ऐटीत चालली. रोशनी म्हणते, "आजी, लबाडी नाही! रोजच्यासारखी चाल." चारदा चालवलं मले. एका लुगड्याले दहा सेकंद. म्हणजे रस्त्याले तीस. अन् सिग्नल देते वीस!

"लुगडं किती लांब?" तिनं विचारलं. "नऊचं," म्हटलं. तिनं सिग्नलच्या ऑफिसाले अर्ज लिहिला, हिरवा तीस सेकंद करा म्हणून, अन् त्यात टाकलं, रस्ता सत्तावीस मीटर.

१२ जानेवारी
अर्ज दिला. प्रेमानंद हसला.

१९ जानेवारी, सोमवार
सिग्नलवाले साहेब आले. काठीले चाक लावलेलं, ते फिरवत रस्ता ओलांडला. "आजी, हा तर पावणेपंचवीस मीटर आहे. मापच चुकलं, तर पुढचा हिशोबही चुकला." अर्जाचं पाहतो म्हणाले. पाहतो म्हणजे नाही. तिसरी शिकली मी, पण एवढं समजते.

चूक माझी. नऊचं म्हणजे नऊ वार! मीटर नाही. वार आखूड असते. रोशनीच्या पुस्तकात वार नाही, अन् मी सांगितलं नाही. हट्!

प्रेमानंद दारातून म्हणते, "झालं समाधान? आता बस घरी." रोशनी जेवली नाही.

२० जानेवारी
अजून तोंड पाडून बसली होती. मी भात टाकून राहिली होती. रोजची वाटी खरकटी, म्हणून लहान घेतली. रोशनी म्हणते, "आजी, ही वाटी लहान आहे. पाणी चुकन."

"काहून चुकन? तांदूळही याच वाटीनं टाकले ना!"

पोट्टी ताडकन उठली. "आजी, लुगडं!"

मले काही समजेना. तिनं मले धरून बसवलं. रस्ता त्या लुगड्यानं मोजला, माझी चालही त्याच लुगड्यानं. ते नऊ वार असो, नऊ मीटर असो, नऊ कोस असो — तीन लुगडे, एकाले दहा सेकंद. तीसच! मीटर चुकले, सेकंद नाही चुकले!

नाचली. मलेही नाचवलं. भात खाली लागला. खाल्ला तसाच.

२३ जानेवारी, शुक्रवार
साहेबाच्या ऑफिसात गेलो. प्रेमानंदानंच गाडीवर नेलं, कुरकुरत. साहेबानं कागदावर करून पाहिलं. "सेकंद बरोबर आहेत, आजी. पण एका माणसाच्या चालीवर सिग्नल बदलत नाही."

"मंग किती माणसं पाहिजे? संध्याकाळी या," म्हटलं.

आले! सिंधूताईच्या गल्लीत तेच लुगडं अंथरून आम्ही पाचही जणी ओळीनं चाललो. साहेब घड्याळ धरून. सिंधूताई सगळ्यात मागं! मी म्हटलं, "मुद्दाम हळू चालून राहिली का वं?"

"व्हय, तुझ्यासाठी!"

खोटं. धाप लागली होती तिले. पत्त्यात तिची जीभ चालते, पाय नाही. साहेबानं तिचाच वेळ लिहून घेतला, एका लुगड्याले बारा सेकंद. तिच्या सुनेनं भजी दिली, ती साहेबानं दोनदा मागून खाल्ली.

२ फेब्रुवारी, सोमवार
छत्तीस सेकंद झाला हिरवा!

एकटी गेली. मधे उभी राहून पदर सावरला, तरी पोचली. मागं पाहिलं तर प्रेमानंद गॅलरीत, कठडा घट्ट धरून. मी पत्ते पिसाले बसली, तेव्हा कुठं आत गेला.

चारही डाव हरली. सिंधूताईचा काय तो माज!

५ फेब्रुवारी
साहेबाचा फोन आला होता. रामदासपेठेत दवाखान्यांजवळ नवा सिग्नल लावून राहिले. तुम्ही पाचही जणी चालून दाखवा म्हणते, तुमच्या चालीवर वेळ ठरवू. उद्या सकाळी गाडी येते. घरी कोणी मले विचाराले आलं, फोन आला, तर रोशनीनं तोंड उघडायचं नाही. प्रेमानंदानंच उत्तर द्यायचं. मोठ्यानं — आई रस्ता ओलांडाले गेली!