माईक बहिरा नाही

४ ऑगस्ट, सोमवार
परत झापलं! कोकिळा मॅडम म्हणाल्या, "निशा, माईक बहिरा नाही." सगळा वर्ग हसला. मीपण हसले, काय करणार! घराखाली पप्पांचे कापड विणायचे लूम चालू असताना साधं पाणी मागायचं तरी बेंबीच्या देठापासून ओरडावं लागतं. राजपुऱ्यातलं आमचं अख्खं घरच ओरडतं. आणि मी निघाले रेडिओवर बोलायला शिकायला, तेही मिशनच्या कॉलेजात! तिथे सकाळच्या प्रार्थनेला चॅपलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू येते.

५ ऑगस्ट
पप्पांचा अबोला चालूच. बी.एड. सोडून हा कोर्स घेतला तेव्हापासून. माझ्याशी बोललेलं शेवटचं वाक्य काय, तर "बोलायचं काय शिकायचं? दिवसभर तेच तर करते." आता सगळं आईमार्फत. मी समोर बसलेली असते आणि आईला सांगतात, "तिले सांग, स्कूटीत पेट्रोल भरून ठेवलं." मतलब काळजी आहे, फक्त बोलायचं नाही. वैताग नुसता!

६ ऑगस्ट
माईकपासून वीतभर मागे सरकले. तरी आवाजाचा काटा लालमध्ये!

८ ऑगस्ट, शुक्रवार
कॉलेजच्या रेडिओवर सकाळी आठचा कार्यक्रम वर्गातल्या एकालाच मिळणार. त्यासाठी घरच्या कोणाची तरी मुलाखत घ्यायची, त्यांच्या कामाबद्दल. अक्षयने तर आजोबांची घेऊनही टाकली. मला पप्पाच हवेत. त्या निमित्ताने तरी माझ्याशी बोलतील... बोलतील ना?

१० ऑगस्ट, रविवार
घेतली एकदाची! मी अलीकडे, पप्पा पलीकडे, मधे आई आणि मोबाईल. मी विचारायचं, आईने तेच परत विचारायचं, पप्पांनी आईला उत्तर द्यायचं. "अहो, ती विचारून राहिली, पहिला लूम कधी घेतला?" "तिले सांग, ती झाली त्या साली." हे मला माहीतच नव्हतं!

पुढे आईला एवढी मजा यायला लागली की तिने स्वतःचेच प्रश्न घुसवले. लग्न झाल्यावर महेश्वरला नेणार होते, त्याचं काय झालं म्हणे! पप्पांना एकदम खोकला आला. ते मी मुळीच कापणार नाही.

पण लूम! आधी विनवलं होतं, दहा मिनिटं बंद ठेवा. साफ नाही म्हणाले. "तिले सांग, लूम बंद राहतात ते लाईट गेली तर, नाहीतर माणूस गेलं तर. रेडिओसाठी नाही." त्यामुळे मागे सगळी खटखट. ऐकून रडूच आलं मला.

१२ ऑगस्ट, मंगळवार
मॅडमनी मुलाखत ऐकता ऐकता मधेच थांबवली. वाटलं, संपलं सगळं. बघते तर त्या हसून हसून डोळे पुसतायत! म्हणाल्या, "आई राहू दे. लूमपण राहू दे. फक्त उद्या तू हळू बोल, एकाच माणसाशी बोलल्यासारखं."

मॅडम, तो एक माणूस माझ्याशी बोलत नाही! असं मनातल्या मनात. वरून नुसती मान हलवली.

पण उद्या सकाळी आठला माझा कार्यक्रम!! आईला सांगितलं. आईने पप्पांना सांगितलं. पप्पा खाली लूमवर निघून गेले. जाऊ दे.

१३ ऑगस्ट, बुधवार
झाला कार्यक्रम. ओरडले नाही. घरात कधी कोणाशी बोलले नसेन इतकं हळू बोलले.

परत आले तर आई जिन्यातच उभी. म्हणाली, आठ वाजता सगळे लूम बंद झाले. मी विचारलं, लाईट गेली होती का? नाही म्हणे, लाईट होती. आवाज थांबला तसे शेजारचे उखर्डूकाका घाबरून धावत आले, कोण गेलं विचारत. पप्पा रेडिओला कान लावून बसलेले.

"कोणी नाही गेलं," म्हणाले. "पोरगी बोलून राहिली माझी. ऐकू द्या."