घोड्यासमोरचं प्यादं

५ मार्च
राजाकडच्या घोड्यासमोरचं प्यादं — दोन घरं पुढे. पहिलीच चाल! संघात एकच जागा उरलेली, तिच्यासाठीचा हा डाव, आणि माझी सख्खी बहीण असा उघडते. राजाच्या डोक्यावरचं छप्पर आपल्याच हाताने काढायचं — असं कोण खेळतं?

मान वर केली. ताई खिडकीबाहेर बघत होती.

प्यादं फुकट होतं. खाल्लं. तिने दुसरं पुढे केलं. तेही खाल्लं. माझ्या घड्याळात एक मिनिटही गेलं नव्हतं. पाचव्या चालीला तिच्या उंटाने कोपऱ्यातला माझा हत्ती मारला. पुढचे दोन तास हरलेला डाव नुसता ओढला.

हात मिळवताना म्हणाली, "चालतंय की गं हेसुद्धा."

हेसुद्धा! म्हणजे माझ्यासमोर काहीही चालतं.

६ मार्च
दुकानात एका बाईंच्या डाव्या डोळ्याचा नंबर उजव्या काचेला लिहिला. मालक सगळ्यांदेखत बोलले. हेही ताईच्याच नावावर.

८ मार्च
क्लबच्या चिटणिसांना सांगितलं, ही थट्टा आहे, डाव पुन्हा घ्या. ते हसले. "चाल नियमात बसते ना? मग? प्यादं खायला तुम्हाला आमंत्रण होतं का?"

होतं! तेच तर सांगतेय.

९ मार्च
आईचा फोन. "मोठी आहे ती. सोडून दे."

मोठी आहे म्हणून नवं दप्तर तिला, तिचं जुनं मला. मोठी आहे म्हणून खिडकीजवळचा पलंग तिचा. चव्वेचाळीस वर्षांची झाले तरी मी धाकटीच. पटावर वय विचारत नाहीत, म्हणून तर मी हा खेळ धरला.

१३ मार्च
ताईचे तीन फोन. उचलले नाहीत.

१५ मार्च
संघाचा पहिला सामना झाला. मी गेले नाही. कळलं — ताईने वजिरासमोरचं प्यादं सरकवून सुरुवात केली. नेहमीसारखी. परक्यांशी कशी शिस्तीत! पोरखेळ फक्त माझ्याशी.

१७ मार्च
भावोजी दुकानात आले, चष्म्याची काडी बसवायला. "अजून फुगलेलीच का? अगं, दोन महिने घरात तेच प्यादं ढकलत होती तुझी ताई. म्हणायची, पटावर शांत बसली की धाकटी मला ऐकत नाही, भारीच पडते. तिला आधी चिडवायलाच हवं."

विचारलं, कधीपासून ऐकत नाही?

"तू दहावीत होतीस म्हणे, तेव्हापासून."