निजलेला देव उभा होता

सांगवी, ता. बारामती
दि. १० फेब्रुवारी २०२५

चिरंजीव दत्तोबा यास सावळारामाचे आशीर्वाद.

इकडे सर्वांची प्रकृती बरी आहे. ऊस कारखान्याला गेला. तुमच्याकडे कळसला पेरू कसा आहे ते कळत नाही, कारण कळवणारे कोणी नाही. हे पत्र केवळ माहितीसाठी लिहीत आहे. असले विषय फोनवर बोलण्याची मला सवय नाही.

आपल्या शिवेवरच्या म्हसोबाने खोळ टाकली. शेंदराचे ते जाड कवच गेल्या अमावास्येला सकाळी एकाएकी सुटून खाली आले. गुरवाने रीतीप्रमाणे ते नीरेत सोडले. मी काठावर उभा होतो. तुझी जागा मोकळी होती.

कवचाखाली म्हसोबा नाही. कोरीव शिळा आहे. आमच्यापैकी कोणालाच ती उमगेना. माझी नातसून राजेश्वरी जुन्या मूर्तींचे शिकलेली आहे. तिने मोबाइलवर फोटो काढला आणि तो आडवा करून माझ्यापुढे धरला. तेव्हा दिसले. शेषावर निजलेला विष्णू, नाभीतून निघालेले कमळ, कमळावर ब्रह्मदेव, पायांशी लक्ष्मी. सृष्टी उत्पन्न होण्याच्या वेळचा हा देखावा आहे, असे ती म्हणाली. म्हणजे निजलेल्या देवाला आपण पिढ्यान्‌पिढ्या उभे करून ठेवले आणि वर शेंदूर थापत आलो.

त्या शेंदराचा पहिला हात लावण्याचा मान थोरल्या घरचा की धाकट्या घरचा, यावरून वडिलांच्या पश्चात आपल्यात काय झाले, ते येथे लिहीत नाही. एवढेच कळवतो की विष्णूला शेंदूर लावत नाहीत. गुरवाने विचारले, "आबा, मग आता पयला हात कुणाचा म्हणायचा?" लोक हसले. मी हसलो नाही.

देवाच्या पायांकडे, कोपऱ्यात, गदा उगारलेले दोन दैत्य आहेत. तुझ्या वहिनीने त्यांना बराच वेळ न्याहाळले आणि चारचौघांत म्हणाली, "देव निजलाय, जग अजून व्हायचं हाय, आन् ह्या दोघांची भांडणं आधीच सुरू. आपलं थोरलं आन् धाकलंच की हे." मी तिला गप्प केले. तिचे गुडघे गेले आहेत, त्यामुळे तोंड अधिक चालते.

येत्या रविवारी शिळा आडवी करायची आहे. पहारी, दोर, तरुण मुले, सर्व तयारी झाली. हात लावण्यापुरते दोन मानकरी लागतात, एक डोक्याकडे, एक पायांकडे. डोक्याकडचा मान गावाने मला दिला. मी तो तुझ्या नावे सांगून आलो आहे. याचा वेगळा अर्थ काढू नये. हल्ली थोडे चाललो तरी मला बसावे लागते आणि पायांकडची बाजू सखल आहे, इतकेच कारण.

तू आला नाहीस तर शिळा आहे तशीच राहील, असे मी बजावले आहे. मुलांना ते पटलेले नाही, परंतु अजून माझा शब्द मोडत नाहीत. फार उभे राहून झाले, दत्तोबा. देवालाही आता पाठ टेकू द्यावी.

आल्यास आदल्या दिवशी मुक्कामाला यावे. वहिनी पुरण घालीन म्हणते. मी नको म्हटलेले नाही.

कळावे.

कोपऱ्यातील दोघांपैकी थोरला,
सावळाराम