दर दिवाळीचा राजीनामा

बाबा, आपली तेलमिल बंद झाली. सरकीचा वास अजून अंगातून जात नाही, पण फाटकाला कुलूप लागलंय. शेवटच्या महिन्याचा पगार हातावर ठेवला आणि एकोणीस वर्षं संपली. काम सुटताना ग्रॅच्युइटी मिळते असं ऐकून परवा परभणीला कामगार ऑफिसात गेलो. तिथल्या बाई भल्या होत्या. मालकाकडून आलेली फाइल त्यांनी माझ्यासमोर उघडली. आत माझ्याच सहीचे राजीनामे, दर दिवाळीचा एक. "ग्रॅच्युइटीला सलग पाच वर्षं लागतात," त्या म्हणाल्या. "तुमचं तर एकबी वर्ष पुढच्याला जोडलेलं दिसंना. भांडता येतंय, पर सही तुमचीच हाय ना?" मी मान हलवली. दुसरं काय करणार?

तुम्हाला ती माझी पहिली दिवाळी आठवते? वालूरहून आपण दोघं एकाच सायकलवर आलोय. मुनीम टेबलावर मिठाईचे पुडे, शर्टाची कापडं आणि कागद मांडून बसलाय. जो तो सही करतो, पुडा काखेत मारतो आणि पाडव्यानंतर पुन्हा कामावर येतो. तुमची सही झालेली. मी कागद हातात घेऊन थांबलो, तर तुम्ही सगळ्यांदेखत खेकसलात, "वाचत काय बसलास? मालक काय आपलं वाईट करायलाय का? कर सही!" मी सही केली. कापड मात्र लय चांगलं निघालं. तो शर्ट मी लग्नानंतरही कितीतरी वर्षं घातला.

तुम्ही मिल सोडलीत तेव्हा तुम्हाला शाल आणि नारळ मिळाला. ती शाल तुम्ही कुणाला पांघरू दिली नाहीत. शेवटच्या दुखण्यात एकदा हळूच विचारलंत, "इतकी वर्षं राबलो, अजून कायतरी मिळायला पायजे होतं का रं?" मी म्हणालो, "न्हाई बाबा, आपल्याला तसलं काई नसतंय." तुम्ही समाधानानं कूस बदललीत.

बाई म्हणाल्या, अर्ज तरी करून ठेवा. करीन. त्यातून काही निघेल असं वाटत नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, ते बरंच आहे. तुम्ही असता तरी दिलं नसतं. त्या दिवाळीला मिलमध्ये दहावी झालेला मी एकटाच होतो, आणि तुम्ही खेकसायच्या आधी माझा कागद वाचून झाला होता. मला ते कापड हवं होतं, बाबा.