पुष्पाच्या पेटीतलं पाणी

१ ऑक्टोबर १९७४, मंगळवार
सहामाहीचे पेपर काढतोय. हे.मा.नी, म्हणजे आमच्या हेडमास्तरांनी, कार्यालयाबाहेरच्या फळ्यावर रंगीत खडूने शाळेचं यश लिहिलंय. मुलींचा कबड्डी संघ तालुक्यात दुसरा. चित्रकलेच्या परीक्षेला बसलेले सगळे पास. त्याखाली 'विज्ञान प्रदर्शन' आणि पुढे जागा मोकळी. शाळेत विज्ञान शिकवणारा मी एकटा. कोणाला उद्देशून ते कळलं.

५ ऑक्टो.
नववीतली पुष्पा तास संपल्यावर थांबली. खारी गावातली, मागच्या बाकावरची, एरवी तोंड उघडत नाही. म्हणाली, खाडीच्या खाऱ्या पाण्यातून गोडं पाणी काढायची पेटी करीन. लाकडी पेटी, आतून काळी, वर तिरकी काच. उन्हाने वाफ होते, काचेला थेंब धरतात, ओघळून पन्हाळीत येतात, तिथून नळीने बाटलीत.
कुठे वाचलंस, विचारलं. वाचलं न्हाय म्हणाली. वडील मिठागरात कामाला होते तेव्हा टबातल्या पाण्यावर काच झाकलेली. आतून थेंब आले, चाटून बघितले, खारट नव्हते.
एवढं सुसूत्र? कोणीतरी पढवलंय. पण कोणी, ते लक्षात येत नाही.

१४ ऑक्टो.
पेटी आणली. सुताराच्या हातची वाटते. वडिलांनी ठोकून दिली म्हणते. ते आता कारखान्यावर वॉचमन आहेत. काच जुन्या खिडकीची, कडांना मेण. काम चांगलं झालंय. जास्तच चांगलं.
सुमनला घरी सांगितलं. ती म्हणाली, "पोरगी ढ असती तर बोंब मारली असती, हुशार निघाली तरी तेच." बायकोला शाळेतलं सांगू नये.

२१ ऑक्टो.
पेटी शाळेच्या गच्चीवर. खाडीचं पाणी पुष्पाच घागरीतून आणते. दिवसभर कडक ऊन, संध्याकाळी बाटलीत तळ झाकेल इतकं पाणी. चव घेतली. बेचव, सपक. उकळून गार केल्यासारखं. खरंच चाललं म्हणायचं.
बाटली प्रयोगशाळेच्या कपाटात. किल्ल्या दोन, एक माझ्याकडे, एक हे.मां.कडे. मधल्या सुट्टीत मात्र कपाट उघडंच असतं, मुलं भिंगं, चुंबक काढतात.

२ नोव्हें.
पुष्पाचे वडील गेटवर भेटले. हात जोडून उभे. म्हणाले, हिचं नववीनंतर बंद करायचं ठरलेलं, वसईकडचं स्थळ आहे. आता सगळे म्हणतात पोरगी प्रदर्शनाला चालली. "नंबर आला तर मॅट्रिकपर्यंत शिकवीन, सर. न्हायतर गावात लोकांना काय सांगू?"
म्हणजे पोरीचं सगळं त्या बाटलीवर. आणि बाटली भरतेय माझ्या देखरेखीखाली. मला हे कशाला सांगितलं? धाक की विनंती?

१९ नोव्हें.
दिवाळीनंतर आभाळ भरून. तीन-चार दिवस ऊन नाही. पेटी नुसती पडून. शनिवारी ठाण्याला तालुका प्रदर्शन. बाटली अर्ध्याच्याही खाली. हे.मा. वर्गाच्या दारातून म्हणाले, "परीक्षकांपुढे रिकामी बाटली धरणार का?" उत्तराची वाट न बघता गेले.

२२ नोव्हें.
आजही ढग. संध्याकाळी कपाट बंद करताना बघितलं, बाटली गळ्यापर्यंत भरलेली.
पुष्पा घरी गेलेली. हे.मा. ट्रस्टींकडे. विचारणार कोणाला?

२३ नोव्हें., शनि.
घोडबंदर मार्गे एस.टी.ने ठाणे. पेटी टपावर, पुष्पा सारखी खिडकीतून वर बघत. कंडक्टर हिंदीत डाफरला, "गिरेगा नहीं, बैठ जा." हे.मा. पुढच्या सीटवर, खुशीत.
परीक्षकांनी घोट घोट पाणी प्यायलं. एक म्हणाले, मिठागरांच्या गावाने हे करावं, वा. पहिला नंबर.
सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही. पुष्पा हसली नाही, बाटलीकडे बघत होती. का?

२५ नोव्हें.
केलं. न करता राहवेना.
बाटलीत उरलेलं पाणी परीक्षानळीत घेतलं, सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकला. पाण्यात मीठ नसेल तर ते तसंच नितळ राहतं. असेल तर दुधासारखं होतं. दूध झालं. मग शाळेच्या विहिरीचं पाणी घेऊन तेच केलं. तसंच दूध.
बाटलीत विहिरीचं पाणी मिसळलंय. तालुक्यात पहिला नंबर विहिरीच्या पाण्याला.

२६ नोव्हें.
पुष्पाला बोलावलं. नळीतल्या परीक्षेचं काही बोललो नाही. नुसतं विचारलं, बाटली एवढी भरली कशी? ऊन तर नव्हतं.
म्हणाली, "तो पानी माजा न्हाय, सर."
मग कोणाचं? ठाऊक नाही म्हणाली. ठाण्याला बाटली हातात घेतली तेव्हाच जड लागली. परीक्षकांपुढे बोलायला भीती वाटली.
डोळ्यांत पाणी नाही, आवाज नीट. खरं बोलणारी पोरं रडतात. की खोटं बोलणारी?

२७ नोव्हें.
हे.मां.ना आडून विचारलं. बाटली भरण्यापुरतं पाणी कसं जमलं असेल, आश्चर्यच. ते म्हणाले, "यशाला असं उलटंपालटं करून बघू नये, गुरुजी." मला कधी गुरुजी म्हणत नाहीत. फळ्यावर मोकळ्या जागी त्यांनी स्वतः लिहिलंय: तालुक्यात प्रथम. अक्षर सुंदर.
हेच. दुसरी किल्ली यांचीच. नक्की हेच.

१ डिसें., रवि.
शाळेला सुट्टी. सकाळपासून गच्चीवर बसलो, पुष्पाला बोलावलं होतं. बाटली स्वतः धुतली, स्वतः लावली, जागचा हललो नाही. सुमनने डबा पाठवला तो तिथेच खाल्ला. पोरीला दिला तर नको म्हणाली, मग अर्धी पोळी खाल्ली. ऊन छान. काचेच्या आत थेंब धरत होते, एकमेकांत मिसळून खाली सरकत होते. ती काचेला न टेकवता वरून बोट फिरवत त्यांच्यामागे जात होती. मधेच म्हणाली, ढग आले तर पेटीला राग येतो. मला हसू आलं, दाबलं.
ती गेल्यावर पाणी तपासलं. नितळ. काही नाही, आरपार.
पेटी खरी आहे. पुष्पाही खरी? पेटी खरी म्हणून बाटली तिने भरली नाही असं होत नाही. उलट आभाळ भरलेलं, नंबरावर लग्न टळणार... तिच्याइतकी गरज कोणाला?
पण हे.मां.चं ते गुरुजी.

६ डिसें.
कपाटाला माझं स्वतःचं कुलूप. हे.मां.नी बघितलं. काही बोलले नाहीत. तेही खटकलं.

१४ डिसें., शनि.
कल्याण, जिल्हा प्रदर्शन. पुन्हा दोन दिवस ढगाळ गेलेले, बाटलीत थोडंच पाणी. हे.मा. निघताना म्हणाले, असं अर्धवट नेणार? तेवढंच नेणार म्हणालो. रस्ताभर बाटली माझ्या मांडीवर.
परीक्षक कॉलेजातले प्रोफेसर, चष्मा कपाळावर. बाटली उचलून म्हणाले, "हे पाणी ह्याच पेटीतलं कशावरून?"
हे.मा. दुसरीकडे बघायला लागले. पुष्पाने पाठ केलेलं भाषण होतं, ते नाही बोलली. म्हणाली, "सर, पेटी भाइर नेऊ. ऊन पडलंय. तुमी हितं बसा, थेंब पडंल तो बगा."
पेटी अंगणात नेली. प्रोफेसर खरंच खुर्ची घेऊन बसले. बाकीची मुलं जमली. बऱ्याच वेळाने नळीच्या तोंडाशी एक थेंब जमला, लोंबला, पडला. प्रोफेसरांनी पुढचा बोटावर घेऊन चाखला. मग तिला बसायला खुर्ची दिली आणि प्रश्न विचारत राहिले. सगळी उत्तरं आली असं नाही.
दुसरा नंबर.

रात्री घरी आल्यावर लिहितोय. परतताना एस.टी.त हे.मा. माझ्या शेजारी बसले. पुष्पा पुढे झोपलेली. हळू आवाजात म्हणाले, "तालुक्याला बाटली तुम्ही भरलीत, ते मला तेव्हाच कळलं होतं. पोरीसाठी केलंत म्हणून बोललो नाही."
मी नाही भरली म्हणालो. "बरं, बरं," म्हणाले आणि माझा हात थोपटला.
इतके दिवस हा माणूस माझ्याकडे त्या नजरेने बघत होता? की आता बोलून मोकळा झाला, म्हणजे मी पुन्हा विचारू नये? चेहऱ्यावरून कळेना. आत अंधार होता.

१८ डिसें.
पुष्पाचे वडील पेढे घेऊन आले. वसईकडे नाही म्हणून कळवलं. दहावीला बसवतो म्हणाले. हे.मां.च्या पाया पडले, मग माझ्या. मला नको झालं.

७ जानेवारी १९७५
सुमनला सगळं सांगितलं, हे.मा. बोलले तेही. ती भाजी निवडत होती. म्हणाली, मधल्या सुट्टीत सगळी शाळा त्या खोलीत जाते, कुठल्याही पोराने गंमत म्हणून ओतलं असेल. हे मला सुचलं नाही असं नाही. पटत नाही.

२० जाने.
नववीला क्षार ओळखण्याचा पाठ. विहिरीचं पाणी, सिल्व्हर नायट्रेटचा थेंब, दूध. पोरं खूश. पुष्पा आता दुसऱ्या बाकावर बसते. ती नळीकडे बघत राहिली.
तास संपल्यावर थांबली. म्हणाली, "सर, तालुक्याच्या बाटलीत पन तुमी हा टाकलाव?"
हो म्हणालो.
"मना इचारायच्या आदी?"
हो.
"मंग मना इचारलाव कशाला?"
मी सिल्व्हर नायट्रेटची बाटली कपाटात ठेवली, कुलूप लावलं. तिने नळ्या गोळा करून मोरीवर नेल्या, धुवून उपड्या घातल्या आणि घरी गेली.