सावली पायाखाली येईपर्यंत

मी, सौ. प्रेमलता गुणवंतराव धोटे, माहेरची कामडी, वय वर्षे सत्तावीस, धंदा शिक्षकी, राहणार सौंसर, जिल्हा छिंदवाडा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ठिकाणावर नाहीत ते गुडघे, बोटांची पेरे आणि मूत्रपिंडे, पण कायदा त्यांची चौकशी करत नाही. मला कोणी धाक घातलेला नाही की भरीस घातलेले नाही. घरात कोणाला हे ठाऊकही नाही. मराठीत लिहिते, कारण दुसरे मला नीट येत नाही. नोव्हेंबरपासून नागपूर परराज्यात गेले, आम्ही इकडे राहिलो आणि कचेरीत हिंदी लागू लागली. ज्याला गरज पडेल त्याने भाषांतर करून घ्यावे.

मला सातवा महिना चालू आहे. पायावर बोट दाबले तर खड्डा तसाच राहतो. मागल्या महिन्यात नागपूरच्या डॉक्टर विजयमालाबाईंनी लघवी तपासली आणि खुर्ची ओढून माझ्याजवळ येऊन बसल्या, तेव्हाच मी समजले. रोगाचे नाव ल्युपस. शरीर स्वतःलाच परके समजते आणि खाऊ लागते, असे त्यांनी सांगितले. ऊन लागले की तो भडकतो. तो जागा असताना दिवस राहिले तर आई आणि मूल दोघांच्याही जिवावर बेतते. शांत असताना, देखरेखीखाली, काही बायका सुखरूप बाळंत होतात. म्हणून गेल्या वर्षी, रोग पहिल्यांदा कळला तेव्हाच, त्या दोन वर्षे थांबा म्हणाल्या होत्या. मी नऊ महिने थांबले. हे मी कोणावर ढकलत नाही. मूल मलाही हवे होते.

कलम पहिले. बाळ जगले तर ते त्याच्या वडिलांनी वाढवावे. मुलगी झाली तर तोंड पाडून बारसे करू नये. आईचा रोग मुलाला होतोच असे नाही, हे विजयमालाबाईंनी मला दोनदा सांगितले आहे. तरी मोठेपणी तिच्या गालांवर लाली दिसली तर डॉक्टरला दाखवावी. माझी सोन्याची पोत बाळाची. बाळ माझ्याबरोबरच गेले तर त्याला माझ्यापासून वेगळे करू नये. पहिल्या दोघांचे तोंडही मी पाहिलेले नाही. एक पाचव्या महिन्यात गेले, एक आठव्यात. शेजारचे नत्थूजी, जे पोस्टमन होते, ते त्यांना जाम नदीच्या काठी पुरून आले. जागा त्यांनी सांगितली नाही आणि मी विचारली नाही. आता विचारावीशी वाटते, पण तिथवर चालवणार नाही.

कलम दुसरे, पितळी तांब्याबद्दल. बावन्न साली पहिल्यांदा दिवस राहिले तेव्हा माझ्या दोन्ही गालांवर आणि नाकावरून लाल चट्टा उठला. सासूबाई कलाबाई यांच्या घराण्यात अशी रीत की कातडीचे दुखणे सूर्यनारायण बरे करतो आणि संततीही तोच देतो. तेव्हा दर रविवारी सकाळी अंगणात अनवाणी उभे राहायचे, या तांब्याने अर्घ्य द्यायचे आणि सावली पायाखाली येईपर्यंत हलायचे नाही. डोक्यावर पदर घ्यायचा नाही, कारण चेहऱ्याला ऊन लागले पाहिजे. चट्टा पसरला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आतलं बाहेर निघून राहिलं, पोरी. भिऊ नको." ताप आला तेव्हा म्हणाल्या, "देव ऐकून राहिला." मी दोन्ही गरोदरपणांत एकही रविवार चुकवला नाही. आमच्या बागेत संत्र्याचे रोप लावले की त्याला उन्हाची झळ लागू नये म्हणून तुराट्यांची सावली करतात. ते मी लहानपणापासून पाहिले होते, चौथीच्या मुलींना आरोग्याचे धडे शिकवत होते, आणि तरी उभी राहिले.

सासूबाईंनी हे वैराने केले नाही. माझी सावली आखडेपर्यंत त्या गुळाचे पाणी घेऊन दारात उभ्या राहायच्या. ते आठवले की मला त्यांचा धड रागही करता येत नाही, आणि मग जास्तच राग येतो. माझ्या जरीच्या लुगड्यांपैकी हिरवे त्यांना द्यावे. तांब्या मात्र कोणाच्या हाती पडू नये. कासाराकडे नेऊन ठोकून सपाट करावा.

कलम तिसरे. माझे यजमान पांढुर्ण्याच्या कापसाच्या जिनिंगात मुनीम आहेत आणि शनिवारी संध्याकाळी घरी येतात. माणूस वाईट नाही. "आई म्हणते तं करून टाक, काय बिघडते?" एवढे एकच वाक्य त्यांना पाच वर्षे पुरले. विजयमालाबाईंनी थांबा म्हणून लिहिलेली चिठ्ठी मी त्यांच्याच हाती दिली होती. त्यांनी वाचली, नीट घडी केली आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या पेटीत ठेवली. ती अजून तिथेच आहे. घड्याळ, माझी पुस्तके आणि लोखंडी पेटी त्यांना. त्यांना क्षमा केली असे लिहायला बसले होते, पण पेन चालले नाही. बाळंतपणाआधी जमले तर इथे जागा सोडली आहे, तिथे लिहीन.

कलम चौथे. सगळे मृत्युपत्र खरे तर या कलमासाठी आहे. बोरगावची दोन एकर संत्र्याची बाग माझे वडील रामाजी कामडी यांनी मला लिहून दिली; त्यांना मुलगा नाही, आम्ही दोघी मुलीच. नव्या कायद्याने ती सर्वस्वी माझी आहे. ती मी माझी धाकटी बहीण सुनंदा हिला देत आहे.

सुनंदा अठरा वर्षांची आहे. संक्रांतीनंतर माझ्या मदतीला आली. सकाळी तिच्याने लुगडे पिळवत नाही, बोटे सुजलेली असतात. होळीच्या आधी एक दिवस बागेत काम करून आली तेव्हा दोन्ही गालांवर आणि नाकावरून तोच चट्टा होता. मी आरसा आणून दाखवला तर हसली. घरचे म्हणतात, लग्नाच्या गोष्टी निघाल्या की लाजते.

गोष्टी कोणाच्या लग्नाच्या, ते मी पलंगावरून ऐकले आहे. सासूबाई माझ्या वडिलांना म्हणत होत्या, "मोठीचं बरंवाईट झालं तं लहानी हाये ना. लेकराले मावशीवानी कोन जपन?" नव्या कायद्याने मी जिवंत असेपर्यंत यजमानांना दुसरी करता येत नाही, म्हणून वाट पाहणे चालले आहे. मी खोकले, तेव्हा दोघे पावसापाण्याचे बोलू लागले.

तेव्हा अट अशी. माझ्यामागे महिन्याच्या आत सुनंदाला विजयमालाबाईंकडे नेऊन रक्त तपासावे. खर्च बागेतून करावा. त्यांनी हो म्हटल्याशिवाय तिचे लग्न ठरवू नये आणि तिच्यावर गरोदरपण लादू नये. माझ्या यजमानांशी तर तिचे लग्न कधीच लावू नये. लावले, तर बाग तिची राहणार नाही, मी शिकवते त्या शाळेची होईल. बाबा, तुम्ही माझ्या वेळी गप्प बसलात. तिच्या वेळी तरी बोला. एका घरात एकाच चुकीने दोन मुली जाऊ नयेत, एवढेच माझे मागणे आहे, आणि ते पुरे होईल असे मला वाटत नाही. बहीण मृत्युपत्राने कोणाच्या स्वाधीन करता येत नाही, आणि वाचवताही येत नाही. बाग हातात होती म्हणून बाग लिहिली.

कलम पाचवे. माझी काळी छत्री सुनंदाला. उन्हात कधी उघड्याने जाऊ नये असे विजयमालाबाईंनी बजावले तेव्हा नागपुरातच घेतली. भर थंडीत छत्री घेऊन शाळेत जाणारी मास्तरीण म्हणून सौंसरात पुष्कळ हसू झाले. तिनेही हसू होऊ द्यावे.

वरील पाचवे कलम रद्द. छत्री आज मी हयातीतच देऊन टाकली.

आज रविवार आहे. यजमान या शनिवारी आले नाहीत आणि सासूबाई देवळात गेल्या आहेत, म्हणून आजचा दिवस धरला. साक्षीसाठी बोलावलेले नत्थूजी आणि आमच्या शाळेचे हेडमास्तर भैय्याजी ओट्यावर येऊन बसले, तेव्हा खिडकी उघडून घेतली आणि अंगणात सुनंदा दिसली. अनवाणी, डोक्यावर पदर नाही, हातात तोच तांब्या. मी हाका मारून तिला आत बोलावले. मला वाटले सासूबाईंनी तिला आतापासूनच उभी केली. तर ती म्हणाली, "मले कोनी नाही सांगितलं, ताई. तू सुखरूप मोकळी व्हावं म्हनून मीच पाच रविवारांचा नवस बोलली. हा तिसरा व्हय."

तिसरा. मागचे दोन रविवार मी भिंतीकडे तोंड करून पडून होते.

मी तिला रोगाचे सगळे सांगितले. छत्री हातात दिली, पाया पडते म्हणाले. ती रडली. मग छत्री दाराशी टेकवून म्हणाली, "तुह्या नावानं बोलली न मी. अर्ध्यात सोडलं अन् तुले काही झालं तं? तुह्याचसाठी करून राहिली, ताई," आणि परत जाऊन उभी राहिली. तिचे गाल आत्ता भाजल्यासारखे लाल आहेत. तिची सावली खिडकीतून दिसते, अजून हातभर बाकी आहे. मला उठवत नाही.

साक्षीदारांनो, सह्या मागाहून करा. आधी तिला आत आणा.

सौंसर, रविवार, २८ एप्रिल १९५७

सही: प्रेमलता गुणवंतराव धोटे

साक्षीदार १. बाईंनी आमच्यासमोर सही केली. मी पोरीला बोलवायला गेलो, हात धरला, छत्रीही धरली. छत्रीखालून सरकून ती पुन्हा उन्हात उभी राहिली. सावली पायाखाली आल्यावर आत आली. मग सही केली. नत्थूजी, निवृत्त पोस्टमन.

साक्षीदार २. वरीलप्रमाणे. भैय्याजी, हेडमास्तर.