सगुणा आता माझ्या हातावर

पन्हाळ्याच्या पायथ्याशी, शिबिराचा तंबू
दि. ९ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लिहीन लिहीन म्हणत किती दिवस ढकलले ते विचारू नकोस. कागद होता तर पेन न्हाय, पेन मिळालं तर कांदे चिरायला बसवलेलं, आणि दोन्ही हाताशी होती त्या दिवशी पलीकडच्या रानात एक मुंगूस दिसलं, त्याच्या मागं गेलो. मुंगूस काय सापडलं न्हाय. तेवढ्यात दिवस मावळला.

पहिल्या दिवशी फोनवर तू दाजींवर लक्ष ठेव म्हणालीस म्हणून ठेवलंय. मंडपवाल्याबरोबर इथं कामाला आलो तवा वाटलं नव्हतं की आपलेच दाजी पिशवी घेऊन दारात उभे असतील. सगळ्यांचे मोबाईल पेटीत घालून कुलूप लावलंय, आम्हा कामगारांचेसुद्धा. म्हणून हा कागद.

शिबिराचं नाव 'खंबीर पुरुष'. बदलत्या काळाच्या दाबाखाली न वाकणारा पुरुष घडवणार, असं कमानीवर लिहिलंय. कमान मीच उभी केली. दोनदा वाऱ्यानं वाकली. पृथ्वीराज सर काळा कुर्ता घालून गालाला माईक चिकटवून फिरतात. माणसं चाळीस, सगळी हाताच्या अंतरावर, तरी माईक. सकाळी सगळ्यांनी दरीच्या कडेला उभं राहून मी खडक आहे, असं ओरडायचं. दरीतली वानरं पहिल्यांदा पळाली होती, आता अंग खाजवत बसून असतात. न्याहारी झाली की रडण्याचा तास. एक बँकेतले साहेब रडेनात, तर सरांनी त्यांना बाजूला नेऊन समजावलं की पुरुषानं रडायला लाजू नये, पण वेळेत रडावं, पुढं जेवण आहे.

आणि दगडांचं तर ऐकच. प्रत्येकानं एक दगड उचलायचा, त्यावर खडूनं आपलं दुःख लिहायचं आणि दरीत भिरकावून मोकळं व्हायचं. संध्याकाळी तेच दगड पाटीत भरून वर कोण आणतो? मी. जवळपास दुसरे दगड न्हाईत की. रोज चाळीस जणांचं दुःख डोक्यावरनं वर येतंय आणि सकाळी पुन्हा खाली जातंय. दाजींच्या दगडावर 'शाहूपुरी' लिहिलेलं असतं. सगळ्यात लहान दगड त्यांचाच, कंबर धरती म्हणून. शाहूपुरीतल्या त्या स्पेअर पार्टच्या दुकानात इतकी वर्षं काढली, मालकाच्या पुतण्यानं कॉम्प्युटर आणला आणि यांना घरी बसवलं, हे मला मान्य हाय. वाईट झालं. पण म्हणून चाळिशीतल्या माणसानं दरीला ओरडून दाखवायचं?

आता खरी बातमी. सरांनी दाजींना इथंच प्रशिक्षक म्हणून ठेवून घ्यायचं कबूल केलंय. दाजी काल मला भटारखान्यामागं म्हणाले की आता मुरगूडला येणार न्हाय, म्हशीखाली बसणारा माणूस म्हणून मला मरायचं न्हाय. मी म्हटलं, दाजी, खडक म्हणून मेला तर जास्त बरं दिसंल का. तर म्हणाले की तू ITI सोडून पळालेला, तुला काय कळतंय. त्यावरचं उत्तर तुला सुचलं तर लिव.

इथल्या आमटीला मीठ नसतंय, मीठ माणसाला कमकुवत करतंय म्हणं. तुझ्या हातच्या चटणीइतकी तरी माया राहू दे.
तुझा,
सम्राट

*

मुरगूड
दि. १४ जानेवारी

चि. सम्राट यास,
अनेक आशीर्वाद.

आज संक्रांत. सोबत तीळगूळ धाडलेला न्हाय, कारण गोड बोलायचा विचार न्हाय.

आधी तुझं. ITI अर्धवट, गोव्याचं हॉटेल अर्धवट, त्या ट्रकवर तर तू बेळगावच्या पुढंसुद्धा टिकला न्हाईस. तू दुसऱ्या पळालेल्या माणसाला हसतोस, हे वाचून मला शिलाई मशीन थांबवावी लागली. टाका चुकला एका गिऱ्हाइकाच्या ब्लाउजचा.

आता तुझ्या दाजींचं. दुकान सुटलं तवा मी एक शब्द बोलले न्हाय. गल्लीतनं जाताना मान खाली घालायला लागले, तरी न्हाय. दोन वेळा सगुणाची धार तेवढी काढायचे, बाकी भिंतीकडं बघत बसायचे. ते पण चालवून घेतलं. पण जाताना निदान म्हशीला सांगून जायचं होतं. तिचं रेडकू मेल्यापासून ती यांच्या एकट्याच्या हातावर होती, हे यांना काय ठाऊक नव्हतं? मी खाली बसले की पान्हा चोरायची. बादलीला लाथ, मला लाथ. आमच्या सासूबाईंचे हात थरथरतात, त्यांच्यानं धार होत न्हाय. त्या उंबऱ्यावर बसून म्हणायच्या, माझ्या लेकानं दोन बायका नादाला लावल्या आणि दोन्हीस्नी सोडून गेला.

मग मी हट्टाला पेटले. शिलाई बाजूला ठेवून तिच्यापाशी नुसती बसून राहायची. भरडा माझ्याच हातानं, पाणी माझ्याच हातानं, रात्री अंगावर पोतं टाकायचं तेही मीच. मला कुणी माईक दिला न्हाय. गेल्या आठवड्यात तिनं पान्हा सोडला. आता सगुणा माझ्या हातावर हाय, आणि माझ्याच. दुसरं कुणी शिवलं तर खपत न्हाय तिला.

म्हणून हे तुझ्या दाजींना वाचून दाखव. रविवारी सकाळची धार काढून मी कोडोलीला आईकडं निघणार. परत कधी ते माझं मी ठरवीन. फोन बंद ठेवणार, काय सांगायचं ते दोघांनी कागदावर लिव्हा. दूध तुंबलं की कास सुजती आणि म्हैस कायमची आटती, हे त्यांना शिकवायला नको. माझी कीव त्यांनी करू नये. मी त्यांची करत न्हाय, त्याला माणूस समोर असावा लागतो. लई खंबीर झाले असतील तर येऊन त्या जनावराखाली बसून दाखवा म्हणावं. न्हाय आले तर सगुणा गेली, आणि मग मुरगूडला यायचं कारण त्यांना उरलं न्हाय, मला पण न्हाय.

आशीर्वाद घे. अक्कल माझ्यापाशी शिल्लक न्हाय, ती तुझी तू बघ.
तुझी ताई,
संयोगिता

*

मुरगूड
दि. २० जानेवारी, सकाळ

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

ह्यावेळी उशीर केला न्हाय बघ. तुझ्याच घरातनं लिहितोय, तुझ्याच मशीनवर कागद ठेवून. मशीनला हात लावलेला न्हाय. एकदाच पायडल मारून बघितलं.

पत्र वाचून दाखवायला लागलो तर दाजींनी हातातनं ओढून घेतलं. दोनदा वाचलं. एवढंच विचारलं की खरंच जाईल का ती. मी म्हटलं, आमच्या ताईनं आजवर न केलेली गोष्ट बोलून दाखवलीया का कधी? मग ते सरांकडं गेले. सरांनी सगळ्यांना गोल बसवलं आणि माईकवर सांगितलं की घरची बाई बोलावती हीच पुरुषाची पहिली परीक्षा असती, जो उठला तो संपला. चाळीसच्या चाळीस जण हो म्हणाले. एकोणचाळीस म्हण, दाजी उठले होते. बँकेतल्या साहेबांनी त्यांच्याकडं असं बघितलं जसं हे तुरुंगातनं सुटून निघालेत. मी पण पाटी टाकली आणि मागनं निघालो. आता ह्याला तू पळालो म्हण की काय म्हणायचं ते म्हण.

रविवारी सांजंला पोचलो. तुझ्या सासूबाई, झुंबरमावशी, उंबऱ्यावर. या न्हाय, बसा न्हाय. लेकाच्या छातीवर 'खडक' छापलेला टीशर्ट बघितला आणि म्हणाल्या, सगुणाची कास भरलीया.

दाजी बसले. तिनं वास घेतला आणि तोंड फिरवलं. जणू कधी ओळखच नव्हती! बादली पार तुळशीपाशी. काल सकाळी पुन्हा तेच. दाजींनी सरांनी शिकवलेला दीर्घ श्वास घेतला, पुटपुटत मी खडक आहे म्हटलं, आणि तिनं मांडीवर अशी लाथ घातली की खडक जाऊन गव्हाणीत बसला. मला हसू आवरेना, पण कास बघितली आणि हसू गेलं. दगडासारखी टणक झालेली. ती ओरडत होती, आणि दाजी तिच्यापेक्षा वाईट दिसत होते.

काल सांजंला मावशी उठल्या, दोरीवरची तुझी रोजची हिरवी साडी ओढली आणि दाजींच्या अंगावर फेकली. नेस म्हणाल्या, तिच्या अंगाचा वास हाय हिला. वर म्हणाल्या, पोरा, तुझ्या वेळी मी बाळंत होऊन पडले होते तवा तुझा बाप माझं लुगडं नेसून धार काढायचा, त्याची मिशी काय गळून पडली न्हाय. दाजी खवळले. गल्ली काय म्हणंल, म्हणाले. मावशी म्हणाल्या की गल्ली येणार हाय का धार काढायला? दाजी गोठ्याच्या मागं जाऊन बसले. बराच वेळ आले न्हाईत. मला वाटलं गेले परत दरीला ओरडायला.

आले ते साडी नेसून. अशी नेसलेली की तू बघितली असतीस तर घटस्फोट घेतला असतास. पदर डोक्यावरनं घेतला, खाली बसले. ना श्वास, ना खडक. नुसते बसले. कासेवरनं कोमट पाण्याचा हात फिरवत राहिले. सगुणानं वास घेतला, पुन्हा घेतला. पाय हलला न्हाय. आणि मग बादलीत पहिली धार वाजली. ताई, मी लई गावं फिरलो, पण असा आवाज कुठं ऐकला न्हाय. मावशींनी डोळ्याला पदर लावला आणि मला दम दिला की हे लिहायचं न्हाय.

दाजींनी निरोप सांगितलाय. तिला ये म्हणून लिहू नकोस म्हणाले. साडी काठाला थोडी फाटलीया, ती मी शिवून ठेवतो, एवढंच लिव. आणि आता सगुणा तिचीच राहू दे, मी रोज नेसीन.

रागावलेली असलीस तर असू दे, पण माझ्या वाटणीचा लोभ दाजींच्या खात्यावर घालवू नकोस.
तुझा,
सम्राट

ता. क. पाकीट बंद करणार तेवढ्यात गल्लीत जीप थांबली. पृथ्वीराज सर! मागं शिबिरातले तिघं, पेटीतनं काढलेले मोबाईल शूटिंगला धरून. पळालेल्या पुरुषाला परत न्यायला आलेत. सकाळची धार चालूया, दाजी साडीतच. दारातली गर्दी दाजींनी पदराआडनं बघितली, सरांना बघितलं. हात थांबला न्हाय, उठले न्हाईत. सरांनी तोंड उघडलं तर झुंबरमावशींनी उंबऱ्यावरनंच सांगितलं, पावणं, पायताण बाहेर काढा आणि आवाज करू नका, म्हैस पान्हा चोरंल.